लोणारची गुलाबी छटा : पाण्याची की ग्राफिक्स कार्डाची?

१/ जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे जगभर पोहोचली. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला. छायाचित्रातील रंग पाण्याचाच असणार, हे सर्वांनी गृहीत धरले. पस्तीस वर्षांपूर्वीच्या संगणकावर मात्र असे गृहीत धरणे धाडसाचे ठरले असते.

२/ आयबीएमच्या १९८१च्या सीजीए कार्डावर ३२० बाय २०० बिंदूंच्या चित्रात एका वेळी चारच रंग दिसत. त्यांपैकी सर्वपरिचित संच होता काळा, पांढरा, निळसर हिरवा आणि किरमिजी. १९८२च्या हर्क्युलिस कार्डावर रेषा सुबक येत, पण चित्र एकरंगीच. १९८४च्या ईजीएने ६४ पैकी १६ रंग दिले. लोणारचे हिरवट पाणी, काठावरची झाडी आणि बेसॉल्टचे कडे या तीन कार्डांवर तीन निरनिराळी सरोवरे ठरली असती.

३/ १९८७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. आयबीएमचे व्हीजीए आले आणि कॉम्प्युसर्व्हने २५६ रंगांपर्यंतची चित्रे साठवणारा जीआयएफ प्रकार प्रसृत केला. मात्र व्हीजीए २५६ रंग दाखवी ते ३२० बाय २०० इतक्याच बिंदूंवर. ६४० बाय ४८० बिंदूंवर तेच रंग हवे असतील तर सुमारे तीन लाख बाइट स्मृती लागे. संगणकाला मात्र कार्डाच्या स्मृतीत एका वेळी ६४ किलोबाइटच्या खिडकीतूनच डोकावता येई.

४/ ती खिडकी पुढे सरकवण्याची पद्धत त्सेंग, ट्रायडेंट, पॅराडाइज अशा प्रत्येक कंपनीच्या चिपमध्ये वेगळी होती. म्हणूनच डॉसवरील व्हीपिकसारखा चित्रदर्शक प्रोग्राम वापरण्याआधी आपले कार्ड कोणते, हे त्याला सांगावे लागे. उत्तर चुकले की पडद्यावर चित्राऐवजी रेघांचा गुंता दिसे, किंवा काहीच दिसत नसे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या व्हेसा या संघटनेने समान नियम केले, तेव्हा कुठे ही कटकट हळूहळू कमी झाली.

५/ यावर कोणी म्हणेल, की आता कोणताही संगणक जीआयएफ उघडतो, मग ही जुनी रडगाणी कशाला? पण अडचण फाइल उघडण्यात नाही. त्या काळी पुष्कळ चित्रे उपलब्ध कार्डाला जुळावीत म्हणून आधीच १६ किंवा चार रंगांत उतरवून साठवली जात. तेव्हा गळालेले रंग आजचा उत्तमोत्तम पडदाही परत आणू शकत नाही. उलट, तो त्या उणिवेलाच निष्ठेने सत्य म्हणून दाखवतो.

६/ १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारच्या विवराची नोंद केली. तेव्हापासून या सरोवराचा इतिहास बऱ्याच अंशी पाहणाऱ्यांच्या नोंदींवर उभा आहे. पाण्याचा रंग पूर्वी कधी पालटला होता का, हा प्रश्न २०२० नंतर महत्त्वाचा झाला. जुन्या फ्लॉपीतल्या एखाद्या चित्रात किरमिजी पाणी दिसले, तर तो पुरावा मानायचा की चार रंगांच्या कार्डाची लाचारी?

७/ म्हणून जुनी संगणकीय चित्रे जतन करणाऱ्यांनी केवळ फाइल नव्या प्रकारात बदलून समाधान मानू नये. मूळ फाइल तशीच राखावी. चित्र कोणत्या कार्डासाठी, किती रंगांत आणि कोणत्या प्रोग्रामने तयार झाले, हेही ठाऊक असेल तेवढे सोबत लिहून ठेवावे. मोडी कागद हाती असून वाचणारा नसला की दप्तर मुके होते, हे वऱ्हाडाला नवे नाही. संगणकाच्या दप्तराचा धोका याहून मोठा आहे. ते मुके होत नाही, ते ठाम स्वरात चुकीचे सांगते.