लाल खिडकी, निळी खिडकी

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात मागच्या भिंतीवर दोन बोधिसत्त्व आहेत. हातात कमळ तो पद्मपाणी; ओळखायला पंडित लागत नाही. आणि रंग तरी किती? गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, हिरवी माती, दूरदेशीचा निळा लाजवर्द. एवढ्यावर सारा संसार!

आमच्या भाच्याला मी हेच ऐकवतो. स्वारी घरबसल्या दूरदूरचे सर्व्हर सांभाळते. पडद्यावर चार काळ्या खिडक्या, दिसायला अगदी जुळ्या बहिणी! एक सरावाची, तर दुसरीत खऱ्या गिऱ्हाइकांचे हिशेब. पुसण्याचा हुकूम भलतीकडे सुटला, तर संगणक ‘अहो, नक्की ना?’ म्हणून विचारीलच असे नाही.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीत तसेच झाले. दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची माहिती पुसली गेली. सुमारे ३०० गिगाबाइट क्षणांत साफ! त्यातल्या सुमारे ६ तासांच्या नोंदी कायमच्या बुडाल्या. पुढच्या उपायांत, प्रत्येक यंत्राची पडद्यावरची खूण ठळक वेगळी करणे, हाही एक होता.

तेव्हा वाचकहो, घरात कुणी या धंद्यात असेल तर सांगा: खऱ्या सर्व्हरची खिडकी लाल, सरावाची निळी, स्वतःच्या यंत्राची काळी. तीनच पुरेत, दहा रंग केले की पुन्हा गोंधळ. रंग आपोआप लागेल अशी सोय करावी. हाताने लावायचा म्हटला की घाईत राहून जातो. आणि कित्येकांना रंगांतला भेद नीट कळत नाही, म्हणून यंत्राचे नावही ठळक लिहावे. पद्मपाणीच्या हाती कमळ दिलेच आहे ना!