विश्लेषण : पेनिसिलिन मायदेशी परतले, पण टिकणार का?

जगाला स्वस्त औषधे पुरवणारा देश अशी भारताची ओळख आहे. पण या औषधांसाठी लागणारी मूळ द्रव्ये मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतात. पेनिसिलिन हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. एकेकाळी पिंपरीत तयार होणारे हे प्रतिजैविक देशात बनणे थांबले होते. केंद्र सरकारच्या अनुदानामुळे त्याचे उत्पादन आता पुन्हा सुरू झाले आहे. मात्र कारखाना उभारणे आणि तो चालू ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या गुंतवणुकीचे भवितव्य कशावर अवलंबून आहे, याचा हा आढावा.

भारतीय औषध उद्योग किती मोठा?

औषधांच्या संख्येचा विचार केल्यास भारत जगात तिसरा, तर मूल्याच्या हिशेबाने साधारण चौदावा आहे. या दोन क्रमांकांतील अंतरच या उद्योगाचे स्वरूप सांगते. भारत भरपूर औषधे बनवतो, पण ती स्वस्त असतात. २०२३-२४ मध्ये या उद्योगाची उलाढाल सुमारे ५० अब्ज डॉलर होती आणि त्यातील निम्म्याहून अधिक वाटा निर्यातीचा होता. २०२४-२५ मध्ये निर्यात ३० अब्ज डॉलरवर गेली. तीत अमेरिकेचा वाटा सुमारे एक तृतीयांश आहे.

या वाढीचे मूळ १९७० च्या पेटंट कायद्यात आहे. या कायद्याने औषधाऐवजी केवळ ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट दिले. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवण्याची मुभा भारतीय कंपन्यांना मिळाली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून औषधालाही पेटंट मिळू लागले, पण तोवर जेनेरिक औषधांत भारताने पाय रोवले होते.

मग चीनवर अवलंबून का?

औषध दोन टप्प्यांत तयार होते. आधी रोगावर परिणाम करणारे मूळ द्रव्य, म्हणजे बल्क ड्रग किंवा एपीआय, बनते. नंतर त्याची गोळी, कॅप्सूल किंवा इंजेक्शन तयार होते. दुसऱ्या टप्प्यात भारत प्रबळ आहे. पहिल्या टप्प्यासाठी मात्र आयात होणाऱ्या बल्क ड्रग आणि त्यांच्या कच्च्या मालापैकी सुमारे ७० टक्के माल चीनमधून येतो.

पूर्वी अशी स्थिती नव्हती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक कंपनी उभी राहिली, ती पेनिसिलिन बनवण्यासाठीच. पुढे खासगी कंपन्याही या क्षेत्रात आल्या. १९९० च्या दशकात आयातीवरील बंधने सैल झाली आणि चीनमधून अतिशय स्वस्त पेनिसिलिन येऊ लागले. एकामागून एक भारतीय कारखाने बंद पडले. गोळ्या बनवणाऱ्यांना स्वस्त माल मिळाल्याने त्याचे फारसे वाईट वाटले नाही. डिसेंबर २०१६ मध्ये तर केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची अतिरिक्त जमीन विकून देणी फेडण्याचा आणि नंतर कंपनीच विकण्याचा निर्णय घेतला.

पेनिसिलिनच महत्त्वाचे का?

‘पेनिसिलिन जी’ हे केवळ एक औषध नाही. त्यापासून ‘सिक्स-एपीए’ हे मधले द्रव्य तयार होते आणि त्यापासून अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन यांसारखी गावोगावच्या दवाखान्यांत रोज लिहून दिली जाणारी प्रतिजैविके बनतात. सेफॅलेक्सिनसारख्या औषधांची साखळीही येथूनच सुरू होऊ शकते. ऱ्हुमॅटिक हृदयविकार असलेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी दिले जाणारे बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शनही याच घराण्यातले. हे इंजेक्शन चुकले तर हृदयाच्या झडपा आणखी खराब होण्याचा धोका असतो. गेल्या दशकात अनेक देशांत त्याचा तुटवडा भासला. औषध इतके स्वस्त झाले होते की ते बनवण्यात फार कमी कंपन्यांना रस उरला होता.

सरकारने काय केले?

२०२० च्या सुरुवातीला करोनामुळे चीनमधील कारखाने थांबले, तेव्हा या परावलंबनाची किंमत कळली. मार्च २०२० मध्ये भारताला पॅरासिटामॉलसह २६ औषधे आणि मूळ द्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. त्याच महिन्यात बल्क ड्रगसाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादनसंलग्न प्रोत्साहन (पीएलआय) योजना मंजूर झाली. तीत ५३ मूळ द्रव्यांशी संबंधित ४१ उत्पादने निवडण्यात आली. २०२१ मध्ये औषध उद्योगासाठी १५ हजार कोटींची आणखी एक योजना आली.

किण्वन प्रक्रियेने बनणाऱ्या द्रव्यांना पहिली चार वर्षे विक्रीच्या २० टक्के, पाचव्या वर्षी १५ आणि सहाव्या वर्षी पाच टक्के प्रोत्साहन मिळते. या योजनेतून आंध्र प्रदेशात काकीनाडाजवळ अरबिंदो फार्मा समूहाच्या लायफियस कंपनीचा पेनिसिलिन जी प्रकल्प उभा राहिला. त्याची क्षमता वर्षाला १५ हजार टन आहे. हिमाचल प्रदेशात नालागढ येथे क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचा प्रकल्प सुरू झाला.

याशिवाय तीन बल्क ड्रग पार्कसाठी तीन हजार कोटींची योजना आहे. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस केंद्राने गुजरात, हिमाचल प्रदेश आणि आंध्र प्रदेशची निवड केली. रायगड जिल्ह्यात रोहा आणि मुरूड तालुक्यांत असा पार्क व्हावा यासाठी महाराष्ट्रही प्रयत्नात होता. त्यावरून राज्यात बरेच राजकारण झाले.

तरीही शंका का?

पेनिसिलिन बुरशीपासून मिळते. मोठमोठ्या टाक्यांमध्ये साखरेसारख्या पोषक द्रव्यांवर ती वाढवावी लागते. टाकी दिवसेंदिवस चालते आणि त्या काळात हवा, तापमान, वीज यांत खंड पडून चालत नाही. संसर्ग झाला तर सगळी टाकी ओतून द्यावी लागते. त्यामुळे स्वस्त वीज आणि वाफ, प्रचंड आकारमान आणि वर्षानुवर्षांचा हातखंडा ज्याच्याकडे, त्याचा खर्च कमी. चीनकडे हे सर्व आहे. दर आणखी खाली आणून नव्या स्पर्धकाला दमवण्याची ताकदही आहे.

म्हणूनच पेनिसिलिन जी आणि सिक्स-एपीएला किमान आयात किंमत लावावी, अशी मागणी पुढे आली आहे. पण चिनी माल महाग झाला तर त्यापासून अमॉक्सिसिलिन बनवणाऱ्या लहान उद्योगांचा खर्च वाढेल. शिवाय देशात या मालाचा मोठा उत्पादक जवळपास एकच असेल, तर परदेशी मक्तेदारीच्या जागी देशी मक्तेदारी येण्याची भीती आहे.

औषधांच्या किमतींवर काय परिणाम?

अत्यावश्यक औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण ठरवते. औषध रुग्णाच्या आवाक्यात राहण्यासाठी हे आवश्यकच आहे. पण कच्च्या मालाचा खर्च वाढला आणि किंमत तिथेच राहिली, तर उत्पादक ते औषध बनवणेच सोडून देतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने आठ औषधांच्या ११ प्रकारांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवली, त्यामागे हेच कारण होते. त्या यादीत बेंझिल पेनिसिलिनचे इंजेक्शनही होते. देशी कच्चा माल महाग पडणार असेल, तर तो फरक सरकार सोसणार, कंपनी की रुग्ण, हे आधीच ठरवावे लागेल.

गुंतवणूक पुरेशी आहे का?

नव्या औषध प्रकल्पात शंभर टक्के थेट परकीय गुंतवणुकीस आपोआप मुभा आहे. चालू कंपनीत ७४ टक्क्यांपर्यंत अशी मुभा असून त्यापुढे सरकारची परवानगी लागते. मात्र भांडवल जेथे नफा दिसतो तेथेच जाते. २०१० मध्ये अबॉटने पिरामल समूहाचा देशांतर्गत औषध व्यवसाय ३.७२ अब्ज डॉलरना घेतला, तो तयार ब्रँड आणि वितरणाच्या जाळ्यासाठी. पेनिसिलिनच्या टाक्यांसाठी असे खरेदीदार रांग लावत नाहीत.

पैशाइतकाच देखरेखीचाही प्रश्न आहे. २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधांशी बालमृत्यूंचा संबंध जोडला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये ‘शेड्यूल एम’चे उत्पादन निकष कडक करण्यात आले, पण लहान कंपन्यांना त्यासाठी २०२५ च्या अखेरपर्यंत मुदत मिळाली. सांडपाण्याचा प्रश्न तर तारापूर, लोटे-परशुराम परिसरातील रहिवाशांना वेगळा सांगायला नको. चीनने स्वस्त उत्पादनाची किंमत काही अंशी आपल्या नद्यांमधून मोजली आहे. भारताने तोच मार्ग धरू नये.

पुढे काय करावे लागेल?

किण्वनावरील प्रोत्साहन २०२८-२९ मध्ये संपते. त्यानंतर कारखाना बाजाराच्या भरवशावर असेल. सरकारकडे एक साधन आहे, ते म्हणजे स्वतःची खरेदी. जिल्हा रुग्णालयांपासून लष्करी रुग्णालयांपर्यंत प्रतिजैविकांचा मोठा ग्राहक सरकारच आहे. त्यातील ठरावीक हिस्सा देशी मूळ द्रव्यापासून बनलेल्या औषधांचा असेल, अशी काही वर्षांची हमी दिली तर उत्पादकाला गिऱ्हाईक मिळेल आणि सर्व आयात महाग करण्याची गरज उरणार नाही. यात थोडा जास्त पैसा जाईल, पण तो कोठे गेला हे अर्थसंकल्पात दिसेल. आयात किंमत वाढवली तर तोच भार औषधाच्या पाकिटावर छुपेपणाने पडेल. दुसरा उत्पादक उभा राहील याचीही काळजी घ्यावी लागेल.

पिंपरीचा कारखाना तंत्रज्ञान नव्हते म्हणून मागे पडला नाही. स्वस्त आयात दारात आली, तेव्हा देशी उत्पादन टिकवण्याची किंमत मोजायला कोणी तयार नव्हते. काकीनाडाच्या बाबतीत तो हिशेब २०२८-२९ च्या आधीच मांडायला हवा.