जागरण अभ्यासाचे की मोबाईलचे?

परीक्षेच्या दिवसांत रात्रीचा दिवस करणारे विद्यार्थी पूर्वीही होते. आसपासच्या खेड्यांतून राळेगावला महाविद्यालयात येणारी मुले आजही जागतात. मात्र पुष्कळांच्या हाती पुस्तकाऐवजी मोबाईल असतो. इन्स्टाग्राम, यूट्यूब पाहता पाहता रात्रीचा १ कधी वाजला ते कळत नाही. सकाळी पहिल्या तासाला डोळे चुरचुरतात, शिकवलेले डोक्यात शिरत नाही.

हा निव्वळ आळस नव्हे. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेत. १८ ते २५ या वयाला ७ ते ९ तास झोप लागते. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन हे झोपेची वेळ सांगणारे संप्रेरक पाझरू लागते. डोळ्यांसमोरचा उजेड त्याला अडवतो. आणि पुढे काय दिसेल, ही उत्सुकता तर त्याहून अधिक जागवते.

तरीही सारा दोष मोबाईलच्या माथी मारू नये. समाजमाध्यमांचा अतिवापर आणि कमी गुण यांचा संबंध अनेक पाहण्यांत आढळला, पण तो फार मोठा नाही. अभ्यासात मागे पडलेला मुलगाही मोबाईलकडे वळतो.

आपल्याच जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बांशी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही व मोबाईल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. आमच्या मते बंदीपेक्षा भोंगा बरा. महाविद्यालयीन विद्यार्थी सज्ञान असतो. त्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज, निकाल, सूचना सारे मोबाईलवरच असते. त्याच्यावर बंदी चालायची नाही. त्याने आपला भोंगा आपणच वाजवावा. अभ्यासाचे २ तास मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा, झोपण्यापूर्वी तासभर बंद करावा, उशाशी साधे गजराचे घड्याळ ठेवावे.

पालकांनीही त्या वेळी आपला मोबाईल बाजूला ठेवावा. रील पाहत पाहत "अभ्यास कर" म्हणणाऱ्या बापाचे मुलगा ऐकणार कसा? मुलाची झोप उडाली असेल, मन उदास राहत असेल, तर रागावू नये, डॉक्टरांना दाखवावे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला मोफत मिळतो.

कापसाच्या चुकाऱ्यातून फी भरणाऱ्या घराला वाया गेलेले एक सत्रही परवडत नाही.