लाईट परत येताना कॉम्प्युटर सांभाळा

आता आपल्या वस्त्यांतही घरोघर कॉम्प्युटर दिसू लागला आहे. कोणी पतसंस्थेचे कर्ज काढून आणतो, कोणी बोनसमधून, कोणी वापरलेला विकत घेतो. त्यावर मुलगी टॅलीचा सराव करते, मुलगा महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो. पंधरा-वीस हजारांची ही वस्तू एकदा जळाली, तर लगेच दुसरी घेण्याची ऐपत आपल्यापैकी किती जणांची असते?

परभणी जिल्ह्याला लाईट जाण्याचे नवल नाही. जिंतूर तालुक्यात येलदरीला वीज तयार होते, तरी 2005 नंतरच्या भारनियमनात आपण रात्र रात्र अंधारात काढली. आज तशी स्थिती नाही. पण वारा सुटला, तारेवर फांदी पडली की लाईट जातेच.

लाईट गेल्याने कॉम्प्युटर सहसा जळत नाही. चालू काम बुडते, क्वचित हार्ड डिस्क बिघडते. जास्त धोका असतो तो लाईट परत येताना. वस्तीतले पंखे, फ्रीज, मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज खाली-वर होते. म्हणून लाईट गेली की बटण बंद करून पिन काढून ठेवावी. लाईट आल्यावर पाच-दहा मिनिटे बल्ब स्थिर जळतो का ते पाहावे, मगच कॉम्प्युटर लावावा. याला एक पैसाही लागत नाही.

दुसरा धोका न्यूट्रलचा. आपल्या घरात एक फेज आणि एक न्यूट्रल येतो, त्यांच्यात 230 व्होल्ट असतात. दोन फेजमध्ये मात्र सुमारे 400 व्होल्ट असतात. डीपीजवळ न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला, की काही घरांत व्होल्टेज 400 च्या दिशेने चढते आणि काही घरांत पडते. आपला बल्ब एकाएकी पांढराफटक जळू लागला आणि शेजारचा मंद झाला, तर ताबडतोब मेन स्विच बंद करून लाइनमनला कळवा. 'आमच्याकडे एमसीबी आहे' म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी जादा करंटला पडते, जादा व्होल्टेजला नाही. आणि कोणीही स्वतः डीपीवर हात घालू नये. त्यात गावोगाव तरुण पोरांचे जीव गेले आहेत.

आता खर्चाची बाजू. पैसे बेताचे असतील, तर आधी अर्थिंग करून घ्या. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन अर्थिंगची. पण अनेक घरांत बोर्डात तिला वायरच जोडलेली नसते. परवानाधारक वायरमनकडून ते तपासून घ्यावे. नळाच्या पाइपला किंवा न्यूट्रलला अर्थिंग जोडू देऊ नये. खड्डा कोळसा-मिठाचा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जावे. अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्डचेही पुरते काम होत नाही. स्पाइक गार्ड घेताना तो खरा आहे ना ते पाहावे. बाजारात दिसायला तसेच, पण आत काही नसलेले साधे बोर्डही मिळतात.

त्यानंतर यूपीएस. घरच्या एका कॉम्प्युटरला 600 व्हीएचा बहुधा पुरतो. लाईट गेल्यावर तो दहा-पंधरा मिनिटे देतो, ती काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यासाठी. त्यावर पंखा, मिक्सर किंवा लेझर प्रिंटर लावू नये. बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्चही आधीच धरून ठेवावा.

विजेपुढे मात्र यूपीएसचा भरवसा धरू नये. मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात आपल्या मराठवाड्यात विजा फार पडतात. आभाळ भरून आले की गडगडाट सुरू होण्यापूर्वीच प्लग काढा. इंटरनेटची तांब्याची केबल, डिशची वायर असेल तर तीही काढा, त्यातूनही झटका येतो. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र वायरींना हात लावायला जाऊ नका. मशीनपेक्षा माणूस मोलाचा.

एवढे करूनही मशीन जाऊ शकते. म्हणून जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका यांच्या प्रती पेन ड्राइव्हवर वेगळ्या ठेवा. मशीन पुन्हा घेता येईल, पण अर्जाची मुदत टळली तर मुलाचे वर्ष जाते.

वस्तीत व्होल्टेज वारंवार खाली-वर होत असेल, तर नुसते चौकात बोलून भागत नाही. महावितरणच्या 1912 या क्रमांकावर तक्रार करून तक्रार क्रमांक लिहून ठेवा. दहा-वीस घरांच्या सह्यांचा अर्ज द्या आणि पोच घ्या. तरीही दाद लागली नाही, तर 2003 च्या वीज कायद्यानुसार ग्राहकांसाठी तक्रार निवारण मंच आहे, तिथे हीच पोच उपयोगी पडते.

आपल्या अभ्यासिकेत कॉम्प्युटर असेल, तर त्याच्या बोर्डाचे अर्थिंग येत्या रविवारी तपासून घ्या. तिथे बसणारी मुले आपलीच आहेत.