कळफलकावर नसलेली चिन्हं

एपीएल ही संगणकभाषा पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो: ही ⍴, ⍳, ⍋ असली चिन्हं टाइप कशी करायची? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर जुनं आहे. केनेथ आयव्हर्सन यांनी हार्वर्डमध्ये शिकवताना ही चिन्हलिपी घडवली आणि १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. पुढे आयबीएमने ती संगणकावर आणली, तेव्हा टंकयंत्राच्या बदलता येणाऱ्या गोळ्यावर ही चिन्हं कोरली गेली. गोळ्यावर जागा ८८ अक्षरांची. म्हणून ⍋ साठी आधी त्रिकोण उमटवायचा, एक घर मागे यायचं आणि त्यावरच उभी रेघ मारायची. क, हलन्त, ष अशा तीन कळा दाबून क्ष उमटवणाऱ्या मराठी माणसाला यात अवघड काय वाटावं? आज तर डायलॉग एपीएलच्या राइड संपादकात बॅकटिक (`) या खुणेनंतर आर दाबला की ⍴ येतं, आय दाबला की ⍳. ⍴ म्हणजे ग्रीक ऱ्हो, म्हणून आर; ⍳ म्हणजे आयोटा, म्हणून आय. हे लक्षात राहायला वेळ लागत नाही.

खरा मुद्दा वाचण्याचा आहे. ओळ एकदा लिहिली जाते आणि पुन्हा पुन्हा वाचली जाते. +/ म्हणजे यादीतल्या आकड्यांची बेरीज, ×/ म्हणजे गुणाकार, ⌈/ म्हणजे त्यातला सर्वांत मोठा आकडा. तिरपी रेघ सांगते की डावीकडची क्रिया सगळ्या आकड्यांच्या मध्ये पेरायची. तीच रेघ उलटी करून +\ लिहिलं की ३ १ ४ चे ३ ४ ८ होतात, म्हणजे चढती बेरीज. या क्रियांना चार वेगळी इंग्रजी नावं दिली असती, तर त्यांचं नातं नावांत दडून गेलं असतं. चिन्हांत ते डोळ्यांना दिसतं, आणि दिसतं म्हणून पुढची क्रिया सुचते. आयव्हर्सन यांनी १९७९ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात चिन्हलिपीला विचाराचं साधन म्हटलं, ते याच अर्थाने.

यावर वजनदार आक्षेप असा, की खुद्द आयव्हर्सन यांनीच १९९० मध्ये रॉजर हुई यांच्यासोबत ‘जे’ नावाची भाषा साध्या कळफलकावरच्या खुणांत बांधली. तो निर्णय त्या काळात योग्यच होता. प्रत्येक यंत्रावर आणि छपाईत ही चिन्हं उमटतील याची तेव्हा खात्री नव्हती. पण किंमत पाहा. ‘जे’मध्ये +, +. आणि +: या तीन वेगळ्या क्रिया आहेत. बोटांचं काम हलकं झालं, पण फरक ओळखण्याचा भार एका टिंबावर आला. आता युनिकोडमध्ये एपीएलची चिन्हं आहेत, त्यामुळे ती तडजोड करण्याचं मुख्य कारण उरलेलं नाही. परक्या यंत्रावर किंवा मोबाइलवर अडचण येते, हे मला मान्य आहे. तिलाही वाट आहे: २०२३ मध्ये आलेल्या युइवा भाषेत क्रियेचं नाव लिहिलं की संपादक त्याचं चिन्ह करून देतो.

ट्राय एपीएल हे संकेतस्थळ कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतं आणि चिन्हांची पट्टी वरच असते. आधी तिथे +/ आणि +\ चालवून पाहा, मग कळफलकाबद्दल मत बनवा.