गोड नकाराला कलम नाही

मुलुंडमध्ये कार्यालयासाठी जागा पाहायला गेलेल्या महिलेला ‘मराठी माणसांना जागा देत नाही’ असे तोंडावर सुनावणाऱ्या पितापुत्रांना अटक झाली, मनसेने माफी वदवून घेतली आणि सर्वपक्षीय अस्मितेला उधाण आले. पंकजा मुंडे यांनीही आपल्याला असाच नकार मिळाल्याचे सांगितले. मंत्रिपद भूषवलेल्या व्यक्तीची ही गत, तर इतरांची काय कथा? पण गुन्हा नोंदला गेला तो अडवणूक-धक्काबुक्कीचा. जागा नाकारल्याचा नव्हे, कारण ‘मराठी आहात, म्हणून नाही’ हा नकार या राज्यात गुन्हाच नाही. त्या दोघांनी हात आवरून, गोड हसून ‘जागा कालच गेली’ म्हटले असते, तर पोलिसांना चहा पिऊन परत जावे लागले असते.

हा गोड नकार मुंबई-पुण्यात रोज दिला जातो. दलाल आधी आडनाव विचारतो, मग खाणे. मुसलमान असाल तर ‘सोसायटीचे चालत नाही’, एकटी बाई असेल तर ‘फॅमिलीच हवी’. दलिताला कारणही सांगत नाहीत. अस्पृश्यतेविरुद्ध १९५५चा कायदा आहे, पण फोनवर पुरावा ठेवतो कोण? आणि हे नकार देणाऱ्यांत मराठी घरमालक नाहीत, असे समजण्याचे कारण नाही. तेव्हा अस्मिता कुठे असते?

घर खासगी, करार खासगी, त्यात सरकार काय करणार, हा ठरलेला बचाव. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, हॉटेले, विहिरी आहेत, भाड्याचे घर नाही, हे खरे. पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली, हेही खरे. पण याच खासगी करारात सरकार हवे तेव्हा हात घालतेच. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवला नाही, तर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कागद नोंदवला नाही तर तुरुंग. माणूस नाकारला तर काही नाही! केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्याने घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती बांधली, भेदभावाबद्दल मात्र मौन पाळले.

असे कलम लिहिता येत नाही, असेही नाही. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ मध्ये आणि तृतीयपंथीयांसाठी २०१९ मध्ये संसदेने ते लिहिले आहे. राहणे, विकत घेणे, भाड्याने घेणे, यांपैकी कशातही भेदभाव चालणार नाही, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. पाळले किती जाते, हा वेगळा विषय. पण तेच वाक्य धर्म, जात, भाषा, लिंग आणि वैवाहिक स्थिती घालून राज्याच्या भाडे कायद्यात का येत नाही? सोसायट्यांच्या दादागिरीचाही त्यातच बंदोबस्त व्हावा. आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने देताना सोसायटीला कळवणे पुरते, परवानगी लागत नाही. तरी ‘एनओसी’च्या नावाखाली भाडेकरूच्या मुलाखती घेणारे सेक्रेटरी गल्लोगल्ली आहेत.

डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन असते. सरकारला सवड नसेल, तर अशासकीय विधेयक मांडायला एक आमदार पुरतो. मुलुंडची घटना घडली तेव्हा, २०२३ मध्ये, मनसेकडे नेमका एक होता.