साधेपणा कमवावा लागतो

ख्रिस्ती जीवनातील साधेपणाविषयी बोलताना आपण बहुधा वस्तूंची यादी करतो: मोजके कपडे, साधे जेवण, दागिन्यांचा अभाव. ही यादी चुकीची नाही, पण अपुरी आहे. ज्याच्याकडे मुळातच काही नाही त्याच्या अभावाला सद्गुण म्हणणे, ही त्याच्या दारिद्र्याची चेष्टा होय. साधेपणा सद्गुण ठरतो तो जवळचे काही सोडल्यावर. आणि ते कुणासाठी सोडले यावर त्याचे मोल ठरते.

या दृष्टीने पंडिता रमाबाईंकडे (१८५८–१९२२) पाहावे. त्यांची पांढरी साडी आणि शाकाहार यांविषयी पुष्कळदा बोलले जाते. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा भाषेतील त्याग. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्या बाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. केडगावच्या मुक्तिसदनातल्या आणि खेड्यापाड्यांतल्या अल्पशिक्षित स्त्रियांना ते समजावे, हा हेतू. संस्कृतप्रचुर गद्य त्यांना सहज लिहिता आले असते. ते टाळणे हेच त्यांचे रोजचे, वाक्यागणिक चाललेले व्रत होते. छपाईही सदनातच, तेथील स्त्रियांच्या हातून झाली. समग्र ग्रंथ १९२४ साली, म्हणजे रमाबाईंच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला.

येथे एक आक्षेप रास्त आहे. संस्कृत शब्द टाळण्यामागे केवळ सुबोधता नव्हती. त्या शब्दांना चिकटलेले हिंदू धर्मकल्पनांचे संदर्भही रमाबाईंना नको होते. म्हणजे साधेपणाच्या नावाखाली परंपरेचे एक दारही बंद होत होते. हे मान्य केले, तरी एक गोष्ट उरतेच: वाचणारीचे कष्ट वाचावेत म्हणून लिहिणारीने ते स्वतःच्या शिरावर घेतले.

दान, प्रार्थना आणि उपास यांचे प्रदर्शन करू नका, असे येशू डोंगरावरील प्रवचनात बजावतो. साधेपणालाही हाच नियम लागू आहे. मिरवला की तो एक प्रकारचा दागिनाच होतो. आपल्यापैकी जे शिकवतात वा समीक्षा लिहितात, त्यांना त्याचा सराव करण्यासाठी मठात जाण्याची गरज नाही. अवघड संज्ञा फळ्यावर लिहिण्यापूर्वी एवढेच विचारावे: ही विषयाला हवी आहे, की मला?